तीन पुरुष, पाच बायका

हेमलता बोधनकर चिडकी आहे, असं जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या निम्म्या मराठी घरांचं मत होतं. हळदीकुंकवाला बोलवावं तर पंचाईत, न बोलवावं तर त्याहून मोठी. बायकांना काय हो झेपतंय, असं कुणी सहज बोलून गेलं की ती हातातली बशी खाली ठेवायची आणि विचारायची, “कोणत्या बाईला? नाव सांगा.” नाव कुणालाच सांगता यायचं नाही. चहा निवून जायचा.

पण लग्न होऊन जबलपुरात आली तेव्हा ती अशी नव्हती. हसरी होती, जरा बडबडी होती, आणि गणिताची तिला मनापासून गोडी होती. तिचे वडील वर्ध्याला शाळेत गणित शिकवायचे. मॅट्रिकला तिला गणितात मिळालेले गुण पाहून तेच म्हणाले होते, कॉलेजात घालू या पोरीला. तेवढ्यात स्थळ आलं. स्थळ चांगलं होतं. कॉलेज राहिलं.

नवरा श्यामसुंदर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. भला माणूस. समोर भांडण दिसलं की रस्ता बदलणारा.

चीनची लढाई झाली आणि शहरातल्या फॅक्टऱ्यांत धडाक्याने भरती सुरू झाली. त्यातल्या एका फॅक्टरीत फौजेसाठी कॅनव्हासच्या पिशव्या, पट्टे आणि तंबू शिवले जात. तिथल्या शिलाई विभागात पहिल्यांदाच बायका घ्यायचं ठरलं. हेमलता परस्पर अर्ज देऊन आली आणि मग घरी सांगितलं. श्यामसुंदरने अर्जाची पोच उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, “अच्छा. पण एवढ्या लांब जाशील कशी?” आणि पुढच्या रविवारी त्यानेच तिला मैदानावर नेऊन सायकल शिकवली. नऊवारीतल्या शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. ती दोनदा पडली आणि दोन्ही वेळा हसली.

शिवणकाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे परकर-पोलकी येतात. हे काम तसलं नव्हतं. कॅनव्हासचा कपडा पुठ्ठ्यासारखा ताठ. त्याच्या चार-चार घड्या सुईखाली सरकवायच्या म्हणजे खांद्यातून जोर लावावा लागे. मेण लावलेल्या दोऱ्याने बोटं कापायची. हॉलच्या डाव्या बाजूला पुरुषांच्या मशिनी, उजव्या बाजूला बायकांच्या. मशिनी एकाच बनावटीच्या, पिशवी एकच, तपासणीचं टेबलही एकच. पासष्ट साली पाकिस्तानशी जुंपली तेव्हा हॉलच्या खिडक्यांना काळे कागद लागले आणि रविवार नावाचा वार बंद झाला. बायका अंगात ताप घेऊन आल्या. एकीने तर घरातलं सुतक संपायच्या आत मशीन धरलं, कारण तिचा भाऊ फौजेत होता आणि त्याच्या पाठीवर हीच पिशवी असणार होती.

आणि तरी कागदोपत्री डाव्या बाजूचे पुरुष ‘स्किल्ड’ होते आणि उजव्या बाजूच्या बायका ‘सेमीस्किल्ड’. म्हणजे अर्ध्याच शिकलेल्या. पगार त्या हिशेबाने. कुणी विचारलंच तर उत्तर मिळायचं, “नियम आहे.” नियम कुणी केला, कशावरून केला, ते विचारायची सोय नव्हती. लढाई चालू होती ना.

लढाई थांबल्यावर, सहासष्टच्या सुरुवातीला, सुपरवायझरच्या जागांसाठी परीक्षा जाहीर झाली. पुष्कळ फॅक्टऱ्यांना मिळून एकच पेपर, एकाच दिवशी. मॅट्रिक पास आणि नोकरी पक्की, एवढीच अट. बायकांनी बसू नये असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. बायका बसतील हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं, म्हणून लिहायचं राहून गेलं असावं. हेमलतेने स्वतःचा अर्ज भरला आणि आणखी तिघींना भरायला लावला.

त्या तिघींत विनता मोघे सगळ्यात लहान. वडील सराफ्यात एका पेढीवर कारकून होते. मुलगी हुशार, पण गणित दिसलं की तळव्यांना घाम यायचा. जेवणाच्या सुट्टीत फॅक्टरीच्या आवारात जांभळाच्या झाडाखाली हेमलतेचा वर्ग भरू लागला. पेपरात सगळ्यात जास्त गुण गुणोत्तराच्या उदाहरणांना असायचे, म्हणून तिने तिथूनच सुरुवात केली.

“टाकीत चाळीस लिटर रंग बनवायचा आहे,” ती सांगायची. “रंग आणि पाणी दोनास तीन. तर रंग किती?”

विनताने पाटीवर चाळीसचे दोन तृतीयांश काढले आणि अपूर्णांक आला तशी रडकुंडीला आली.

“अगं, दोनास तीन म्हणजे दोन तृतीयांश नव्हे. आधी भाग मोज. रंगाचे दोन, पाण्याचे तीन. एकूण किती झाले?”

“पाच.”

“मग चाळीसचे पाच भाग कर. एक भाग आठचा. आता रंगाला दोन भाग दे.”

“सोळा,” विनता म्हणाली. “आणि पाणी चोवीस. बस, इतकंच?”

“इतकंच. उदाहरण कितीही लांबलचक असू दे, आधी विचारायचं, एकूण भाग किती.”

त्या दिवसापासून विनताला गणित सुटायला लागलं.

राधाबाईही तिथं येऊन बसायची. परीक्षेला नव्हे, ती चौथी शिकलेली, चाळिशीची, जिभेने तिखट. सगळ्या हॉलमध्ये तिच्याइतका मोठा आवाज फक्त भोंग्याचा. “मी सावलीसाठी येते,” म्हणायची, आणि डबा खाता खाता सगळं ऐकायची.

एका दुपारी हेमलतेने गाइडातून नवीन उदाहरण वाचलं. तीन पुरुष किंवा पाच स्त्रिया एक काम बारा दिवसांत करतात. तर सहा पुरुष आणि पाच स्त्रिया मिळून तेच काम किती दिवसांत करतील?

“तीन पुरुष बरोबर पाच बायका,” ती समजावू लागली. “म्हणून सहा पुरुष बरोबर दहा बायका. त्यात या पाच मिळवा. पंधरा बायका झाल्या. पाच बायकांना बारा दिवस, तर तिप्पट बायकांना...”

“चार,” विनता म्हणाली.

“शाब्बास.”

“थांब बाई,” राधाबाई म्हणाली. तिचा घास हातातच राहिला होता. “तीन माणसं बरोबर पाच बायका. हे कोणी मोजलं?”

“मोजलं नाही राधाबाई. धरलंय. उदाहरणासाठी धरायचं असतं.”

“काहून धरायचं?”

“गणितात असंच असतं. पुरुष-बायकांच्या जागी आंबे-संत्री असती तरी चाललं असतं.”

“मग संत्रीच लिहायची ना! बायका काहून लिहिल्या?” राधाबाईचा आवाज चढला. “आणि लिहायचंच होतं तर पाच माणसं बरोबर तीन बायका, असं काहून नाही लिहिलं एकदाही? दाखव बरं मला त्या किताबात. एक तरी दाखव.”

हेमलतेने हसून विषय टाळला. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने गाइड पहिल्यापासून चाळलं. मग शेजारच्या मुलाचं शाळेचं पुस्तक मागून आणलं. मग माहेरून आणलेलं वडिलांचं जुनं अंकगणित काढलं. तीनास पाच होतं, दोनास तीन होतं, चारास सात होतं. काही ठिकाणी पुरुष, स्त्रिया आणि मुलं अशी उतरंडच होती. बाई पुरुषाला भारी पडली असं एकही उदाहरण तिला सापडलं नाही. बरोबरीचंसुद्धा नाही, कारण बरोबरीचं असतं तर उदाहरणच झालं नसतं. एवढी वर्षं ती ही उदाहरणं आनंदाने सोडवत आली होती. वडिलांनीही तिला हीच घातली होती, आणि उत्तर बरोबर आलं की पाठ थोपटली होती.

श्यामसुंदर जेवायला बसला होता. त्याला तिने पुस्तक दाखवलं. तो म्हणाला, “पण हे तर पहिल्यापासून असंच आहे.”

“म्हणून तर दाखवून राहिले,” ती म्हणाली.

परीक्षा कमानिया गेटजवळच्या एका शाळेत होती. सगळ्या हॉलमध्ये चार बायका. बाकी पुरुष वळून वळून बघत होते. पेपर सोपा होता. हेमलतेने अर्ध्या वेळात बहुतेक सोडवला आणि शेवटच्या, सगळ्यात जास्त गुणांच्या उदाहरणापाशी आली. ते असं होतं: फौजेसाठी पिशव्या शिवणाऱ्या एका कारखान्यात तीन पुरुष जेवढं काम करतात तेवढं करायला पाच स्त्रिया लागतात. नऊ पुरुष आणि दहा स्त्रिया जे काम आठ दिवसांत करतात, ते काम वीस स्त्रिया किती दिवसांत करतील?

ती ते पुन्हा वाचत राहिली. हे आंब्या-संत्र्यांचं नव्हतं. पेपर काढणाऱ्याने या वेळी ‘एक काम’ असं मोघम लिहायचीही तसदी घेतली नव्हती. त्याने त्यांचं काम घेतलं होतं, त्यांची पिशवी घेतली होती. तापात, सुतकात शिवलेली.

तिने उदाहरण सोडवलं. नऊ पुरुष म्हणजे पंधरा स्त्रिया, त्यात दहा, पंचवीस. पंचवीस गुणिले आठ, भागिले वीस. उत्तर दहा दिवस. खाली दोन रेघा मारल्या. तिथं थांबायला हवं होतं असं पुढे तिला शंभर लोकांनी सांगितलं. ती थांबली नाही. त्याखाली तिने सरळ हिंदीत लिहिलं: गणित ठीक आहे, पण जे मानून चालायला सांगितलं आहे ते खोटं आहे. मी ज्या शिलाई विभागात काम करते तिथं हे गुणोत्तर एकास एक आहे.

निकाल लागला. विनता पास झाली, आणि नुसती पास नाही, चांगल्या क्रमांकाने. उरलेल्या दोघी थोडक्यात नापास झाल्या. हेमलतेच्या नंबरापुढे लिहिलं होतं, ‘रद्द’.

शालिग्राम साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. ते फॅक्टरीत मोठ्या हुद्द्यावर होते, मूळचे पुण्याचे. गणपतीच्या आरतीला चेरीतालात यायचे आणि सगळ्यांशी अगदी घरच्यासारखं बोलायचे. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

“काय हे, हेमलताबाई? उत्तरपत्रिकेत उमेदवाराची ओळख पटेल असा मजकूर लिहायचा नसतो, हे सूचनेत छापलेलं असतं. बायका चारच, त्यात ‘मी शिलाई विभागात काम करते’! तुम्ही तर जवळजवळ नावच लिहिलंत की.”

“त्या प्रश्नात आमचाच विभाग लिहिला होता, साहेब. ओळख त्यांनी आधी दिली.”

साहेब हसले. “हजरजबाबी आहात. बरं, आपलीच माणसं आहात म्हणून सांगतो. एक माफीचा अर्ज लिहून द्या. अनवधानाने लिहिलं म्हणा. पुढच्या खेपेला बसू देण्याची शिफारस मी करतो.”

“मी अनवधानाने नव्हतं लिहिलं.”

“अहो, पण कशासाठी एवढं? ते एक गणित आहे. कुणी अंगाला लावून घेतं का?”

“बरं,” हेमलता म्हणाली, “मग गणित बाजूला ठेवू. आम्ही त्याच मशिनीवर तीच पिशवी शिवतो, तर आम्ही सेमीस्किल्ड का? तेवढं सांगा.”

आणि इथं शालिग्राम साहेब जे बोलले ते ऐकून कुणाच्याही अंगाचा तिळपापड व्हावा. ते म्हणाले, “हे बघा, स्त्रियांची कामाची गती कमी असते, हे काही मी म्हणत नाही. ते सर्वमान्य आहे. शाळेच्या पुस्तकात सुद्धा आहे. तीनास पाच, दोनास तीन. काहीतरी आधार असल्याशिवाय का लिहितील?”

म्हणजे पाहा. पेपरात विचारलं की ते नुसतं मानायचं, अंगाला लावून घ्यायचं नाही. आणि पगाराचं विचारलं की तेच मानलेलं पुरावा म्हणून पुढे करायचं. हेमलता खुर्चीतून उठली.  ती एवढंच म्हणाली, “माफीचा अर्ज मिळणार नाही,” आणि निघून आली. बाहेर सायकलच्या सीटवर हात ठेवून ती रडली. दुःखाने नाही. संतापाने रडू येतं तेव्हा ते थांबवता येत नाही.

युनियनचे अंबादास तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “ताई, तुमची बात सोळा आणे खरी आहे. पण आत्ता नको. आत्ताच लढाई संपली आहे, ऑर्डरी कमी होऊन राहिल्या. बायकांचं काढलं तर म्हणतील, बायकाच कमी करा.”

“लढाई चालू होती तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, लढाई चालू आहे, आत्ता नको.”

“हां, तर तेव्हाही बरोबरच होतं ना,” अंबादास म्हणाले.

चेरीतालात बातमी पसरली की बोधनकरांची सून परीक्षेत काहीबाही लिहून आली. श्यामसुंदरने बरेच दिवस काही विचारलं नाही. एकदा मात्र बोलला, “उत्तर लिहिलं होतंस. बरोबरही होतं. मग पुढचं मनात म्हणायचं होतंस.”

“मनातच म्हणत आलोय सगळ्या. तुमच्या आईपासून माझ्यापर्यंत.”



विनता पेढे घेऊन आली तेव्हा दारातच उभी राहिली. आत यायला तिला लाज वाटत होती. “दीदी, मी पण तेच गणित सोडवलं,” ती म्हणाली. “दहा दिवस लिहिलं आणि पेपर देऊन आले. मला खालचं सुचलंच नाही. सुचलं असतं तरी लिहिलं नसतं.”

“तू केलंस ते बरोबर केलंस,” हेमलता म्हणाली. तिने पेढा घेतला, विनताच्या तोंडात अर्धा घातला. पण ती गेल्यावर तिने डबा उघडला नाही. पोरीवर राग नव्हता. पण आपण शिकवलेली पोर सुपरवायझर झाली आणि आपण तिच्या हाताखाली मशिनीवर, हे गिळायला सोपं नव्हतं. आणि सोपं होतं असं सांगणारे खोटं बोलतात. त्या दोघींत पुढची काही वर्षं कामापुरतंच बोलणं राहिलं. विनता तिला नावाने हाक मारायचं टाळायची.

मग एकाहत्तर साल आलं. पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे येऊ लागले, तंबू हवे होते. फौजेची तयारी सुरू झाली, पिशव्या हव्या होत्या. हॉलच्या भिंतीवर नवा फळा लागला. प्रत्येक मशिनीमागे दिवसाला तीस पिशव्या. डाव्या बाजूला तीस, उजव्या बाजूलाही तीस. शालिग्राम साहेबांनी हॉलमध्ये उभं राहून भाषण केलं की माता-भगिनी आज पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून राष्ट्रासाठी झटत आहेत.

“आता बराबर झालो वाटतं आपण,” राधाबाई मशिनीवरून मोठ्यांदा म्हणाली. साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

काम मागताना एकास एक. ग्रेड देताना तीनास पाच. सहासष्टला जे तिने एकटीने लिहिलं होतं ते आता फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, आणि तरीही कुणाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत बायका म्हणाल्या, काम बंद करू. हेमलतेने साफ नकार दिला.

“लढाई होईपर्यंत एक टाका कमी पडणार नाही,” ती म्हणाली. “तिकडे आपलीच पोरं आहेत. भांडण साहेबाशी आहे, त्यांच्याशी नाही.”

आणि खरंच पडला नाही. डिसेंबरात लढाई झाली, ढाक्याची बातमी आली, कमानिया गेटपाशी फटाके वाजले. त्या दिवसांत बायकांनी तीसच्या जागी पस्तीसही शिवल्या. जानेवारीत फौजेची भांडारं पुन्हा भरायची म्हणून फळ्यावरचे तीस तसेच राहिले. बायकांनी ग्रेडसाठी रीतसर अर्ज दिला. उत्तर आलं, विचाराधीन आहे. पुन्हा दिला. पुन्हा तेच.

मग एका सोमवारी उजव्या बाजूच्या प्रत्येक बाईने अठरा पिशव्या शिवल्या आणि मशीन थांबवलं. तीसचे तीन पंचमांश. कुणी जागेवरून उठलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. उजवी बाजू शांत झाली आणि डाव्या बाजूच्या मशिनींचा आवाज एकटा पडला. बायका मांडीवर हात ठेवून भोंगा होईपर्यंत बसून राहिल्या. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गणित हेमलतेचं होतं, पण शिस्त राधाबाईची, एकोणिसावी पिशवी कुणी हातात घेतली की तिचा आवाज यायचा, “ए, ठेव खाली. पाच बायकांची तीन माणसं होतात, तेवढं झालं तुझं.”

शालिग्राम साहेब खवळले. हे मुद्दाम संथ काम करणं, ‘गो-स्लो’ आहे, शिस्तभंग आहे, एकेकीला घरी बसवीन. हेमलतेच्या नावाने खुलासा मागणारी नोटीस निघाली. ती घेऊन ती घरी आली तेव्हा श्यामसुंदरने चष्मा लावून दोनदा वाचली. तिला वाटलं, आता हा म्हणणार की माफी माग. तो म्हणाला, “आता माफी नको मागू. आता फार उशीर झाला.” आणि थोड्या वेळाने म्हणाला, “बसव म्हणा घरी. माझं पार्सल ऑफिस आहे अजून.”

पण एकटी हेमलता पुरेशी नव्हती. बायकांना कुणी भडकवलं हे लेखी हवं होतं, आणि ते द्यायचं होतं त्या बाजूच्या सुपरवायझरने. म्हणजे विनताने. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर, हॉलमध्येच विचारलं. बहुधा त्यांना वाटलं असेल की चारचौघांत ती घाबरेल.

“मिस मोघे, तुमच्या विभागात काम इतकं कमी का?”

 विनताचे तळवे भिजले असणार, हे हेमलतेला लांबूनही कळलं.

“कमी नाही साहेब,” ती म्हणाली. “प्रमाणात आहे.”

“म्हणजे काय?”

“तीन पुरुष बरोबर पाच स्त्रिया. म्हणून तीसला अठरा. सहासष्टच्या पेपरात हे गणित मी सोडवलं म्हणून तुम्ही मला पास केलंत. तेच मी इथं लागू केलंय. तेव्हा बरोबर होतं तर आता चूक कसं?” तिने फळ्याकडे बोट केलं. “आणि चूक असेल तर तेव्हा ज्यांचा पेपर रद्द केला, त्यांचं बरोबर होतं.”

डाव्या बाजूच्या मशिनीही थांबल्या. पुरुषांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच हात खाली घेतला. साहेब तडक निघून गेले. शरमले वगैरे काही नाही. असली माणसं शरमत नाहीत, फक्त चिडतात. संध्याकाळी विनतालाही नोटीस मिळाली.

भांडारं रिकामी होती आणि वरून तगादा होता, म्हणून पुढच्या आठवड्यात वाटाघाटी झाल्या. इतकी वर्षं ‘आत्ता नको’ म्हणणारे अंबादास आता हार घालून पुढे बसले. बायकांना स्किल्ड ग्रेड देण्याचं मान्य झालं. पण कसं? प्रत्येक बाईने आधी मशिनीची चाचणी द्यायची. डाव्या बाजूच्या एकाही पुरुषाने अशी चाचणी कधी दिली नव्हती. आठ-नऊ वर्षं तेच मशीन चालवलेल्या बायकांना आता त्यावर बसवून विचारायचं, चालवता येतं का? राधाबाई चाचणीच्या टेबलापाशी गेली, पिशवी शिवली, तपासणाऱ्याच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, “घ्या. आता तुम्ही एक शिवून दाखवा.” त्याला शिवता येत नव्हतं. तरी पास-नापास तोच लिहिणार होता. सगळ्या पास झाल्या. मागच्या वर्षांच्या पगाराचा फरक कुणालाही मिळाला नाही.

विनताची नोटीस मागे घेतली गेली, पण तिची पुढची बढती अडली ती अडलीच. हेमलतेला ग्रेड मिळाली आणि त्याच महिन्यात शिलाईतून काढून गोदामात टाकलं, बटणं आणि बकलं मोजायला. कारण लिहिलं, प्रशासकीय सोय. तिने पुन्हा परीक्षेला बसावं म्हणून विनताने किती आर्जवं केली. ती बसली नाही. “ज्यांना माझं बरोबर उत्तर चाललं नाही, त्यांना पुन्हा काय सोडवून दाखवू?” म्हणायची. हा हट्ट होता असं म्हणणारे आहेत. असेल. हट्ट करायचा अधिकार तिने कमावलेला होता.

पंचाहत्तर साल महिला वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा शालिग्राम साहेबांचा सत्कार झाला. स्त्री कामगारांच्या उन्नतीसाठी केलेल्या कार्याबद्दल. फॅक्टरीच्या क्लबात शामियाना उभारला. शिलाईतल्या बायकांनी स्वागतगीत म्हणावं, असा निरोप आला, आणि साड्या एकाच रंगाच्या असाव्यात, असाही.

हेमलता गोदामात होती. विनता धापा टाकत तिथं आली. “हेमलतादीदी, ऐकलं का?” कितीतरी वर्षांनी तिने नाव घेतलं होतं.

“ऐकलं.”

“मला सांगितलंय, तुम्ही बायकांकडून गाणं बसवून घ्या.”

“मग?”

“मी म्हटलं, मला गाता येत नाही.”

हेमलतेने बकलांचं खोकं बंद केलं. संध्याकाळी भोंगा झाल्यावर शामियान्याकडे लाउडस्पीकर लागला. कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करून बघत होतं. फॅक्टरीच्या गेटापाशी राधाबाई भेटली. ती तर सरळ म्हणाली, “मी त्याच्या गळ्यात हार घालायला गेले तर गळाच धरीन, म्हणून नाही गेले.” तिघीजणी सायकली हातात धरून चालत कमानिया गेटपर्यंत आल्या आणि एका दुकानात बसून खोव्याची जलेबी मागवली. विनताने विषय बदलायचा प्रयत्न केला, पण हेमलतेला ऐकू येत नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला होता. “उन्नती,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “उन्नती म्हणतात! याला लाज कशी वाटत नाही?” दुकानदार काउंटरवरून बघायला लागला. राधाबाईने त्याला हाताने खुणावलं की काही नाही, तू दे अजून तीन. आणि हेमलतेच्या बाजूने, तिच्याहून मोठ्या आवाजात, साहेबांना शिव्या घालायला सुरुवात केली.